जूनच्या आधीचे महिने

29 सप्टेंबर हा महादूत मायकल याचा सण. कॅथोलिक परंपरेत आता गॅब्रिएल आणि राफाएल यांचेही स्मरण याच दिवशी होते; अँग्लिकन मंडळी तो संत मायकल आणि सर्व देवदूतांचा दिवस म्हणून पाळतात. चित्रात मायकल कोठेही पाहा, पवित्रा ठरलेला असतो: पायाखाली अजगर, हातात उगारलेली तलवार किंवा भाला. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात स्वर्गात झालेल्या युद्धाचे वर्णन आहे, त्यातून हे चित्र आले. ते पाहत आपल्या पिढ्या वाढल्या आणि सैतानाशी लढाई म्हणजे असेच काहीतरी, एका घावात संपणारे, अशी समजूत लहानपणीच मनात बसली.

याच सणाच्या दिवशी, 1883 साली, इंग्लंडमधील वाँटेज या गावी एका पंचवीस वर्षांच्या मराठी विधवेने आपल्या चिमुकल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाई आणि मनोरमा. रमाबाईंच्या मागे तोवर काय काय घडून गेले होते! दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले. सोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच, परक्या देशात, स्वतःचा जीव घेतला. त्या घटनेचे ओझे उरावर असतानाच हा बाप्तिस्मा झाला. त्यांना ख्रिस्ताकडे कशाने ओढले, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या मठवासी भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रयगृह चालवत. त्या स्त्रियांना तिथे मिळणारी वागणूक रमाबाईंनी पाहिली आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. अजगर नाही, तलवार नाही. कोणी कोणाला आपल्या पंक्तीला बसवले, एवढ्यावरून त्या हलल्या.

हे आज मुद्दाम आठवण्याचे कारण आहे. ‘आत्मिक युद्ध’ हा शब्द आपल्या मंडळ्यांमध्ये फार मोठ्याने बोलला जाऊ लागला आहे. मैदानात मांडव पडतो, ध्वनिवर्धक लागतात, व्यासपीठावरून सैतानाला नाव घेऊन धमकावले जाते, बांधले जाते, हाकलले जाते. लोक रडतात, कोसळतात, उठून साक्ष देतात. त्यांपैकी अनेकांच्या विश्वासाबद्दल आम्हाला शंका नाही. संकटातला माणूस देवापुढे मोठ्याने ओरडला तर त्यात गैर काय? स्तोत्रकर्तेही ओरडले आहेत. प्रश्न मांडव उतरल्यानंतरचा आहे. सोमवारी सकाळी तो माणूस घरात, दुकानात, शेताच्या बांधावर कसा वागतो, तिथे खरी झुंज असते, आणि त्या झुंजीबद्दल मांडवात फारसे कोणी बोललेले नसते.

पौल मात्र बोलला आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांनाही पाठ असते: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. पुठ्ठ्याची ढाल-तलवार करून नाताळात नाटुकलीही होतात. पण हा उतारा पत्रात कोणत्या जागी येतो, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याच्या अगदी आधी पौल पती-पत्नींविषयी लिहितो. मग मुलांविषयी आणि बापांविषयी, बापांनी मुलांना चिडवू नये याविषयी. मग दासांविषयी आणि धन्यांविषयी. घराची ही सगळी यादी संपते आणि लगेच तो म्हणतो की आता शस्त्रे चढवा. म्हणजे रणांगण कोणते, हे त्याने आधीच दाखवून ठेवले आहे. ते स्वयंपाकघर आहे, माजघर आहे, कामाची जागा आहे. आणि शस्त्रे चढवून करायचे काय, तर उभे राहायचे. धावून जा, तुटून पडा, असे तो सांगत नाही. पुन्हा पुन्हा उभे राहा म्हणतो आणि शेवटी प्रार्थना करत जागे राहा म्हणतो. हे लिहिणारा माणूस स्वतः बेड्यांत होता. पहाऱ्यावरचा रोमी शिपाई रोज त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही आपले झगडणे रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असे तो बजावतो. ज्याच्या हातात आपल्या बेडीचे टोक आहे त्यालाही शत्रू न मानणे, ही त्या अध्यायातली सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि प्रवचनांत ती सर्वांत कमी वेळा येते.

त्याच पत्रात दोन अध्याय आधी सैतानाचा आणखी एक उल्लेख आहे. त्याला घरात शिरायला वाट कोठून मिळते? तिथे पौलाने जारणमारण सांगितलेले नाही, लिंबू-मिरचीही नाही. सूर्य मावळल्यावरही मनात राहिलेला राग, एवढेच सांगितले आहे. वसईत जमिनीचे भाव वाढले आणि वाटणीच्या वादात सख्ख्या भावांमधले बोलणे थांबले, अशी कितीतरी घरे आहेत. दोघेही मिस्साला जातात, दोघेही रोझरी म्हणतात, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून आणि नजर चुकवून. अहमदनगरकडच्या जुन्या मंडळ्यांमध्ये पंच कमिटीच्या निवडणुकीवरून दोन तट पडतात आणि ते पुढच्या पिढीपर्यंत टिकतात. अशा घरात सैतान शोधायला मांत्रिक नको, उपदेशकही नको. रात्रीमागून रात्री ज्याच्यावर सूर्य मावळला तो राग तिथे बसलेला आहे.

आजच्या सणाचा मानकरी जो मायकल, त्याच्याविषयी नव्या करारात एक लहानशी गोष्ट आहे. यहूदाच्या छोट्या पत्रात मोशेच्या शरीरावरून मायकल आणि सैतान यांच्यात वाद झाल्याचा उल्लेख येतो. महादूत असूनही मायकलने सैतानावर शिव्याशापांचा वर्षाव करण्याचे धाडस केले नाही. प्रभूच तुला धमकावो, इतके म्हणून तो थांबला. ज्याची तलवार आपण मूर्तीत घडवतो त्याचा हा संयम आपल्या कानी पडत नाही. मायकललाही निकाल देवावर सोपवावासा वाटला, तर आपल्या आवाजाची पट्टी थोडी खाली यायला हरकत नसावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण तिच्यात माणसांचे जीव अडकलेले असतात. अपस्मार, खोल नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांनी ग्रासलेल्या माणसाला ‘बाधा’ झाली आहे असे सांगून त्याच्या गोळ्या बंद करणे हे विश्वासाचे लक्षण नाही. ते पाप आहे. आमच्या मते त्यावर दुसरे मत असू शकत नाही. कॅथोलिक चर्चचा 1983 चा कायदासंग्रह सांगतो की बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणीही भूतनिरसनाचा विधी करू नये, आणि ती परवानगी समंजस व धार्मिक वृत्तीच्या धर्मगुरूलाच द्यावी. 1999 साली प्रसिद्ध झालेला सुधारित विधी आजार आणि बाधा यांची गल्लत होऊ नये म्हणून सावध करतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, छळ करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. व्यासपीठावर बायबल ठेवलेले असले म्हणून तो गुन्हा कमी होत नाही. प्रभू येशूने आजाऱ्यांना स्पर्श केला, त्यांना मारले नाही. लूक वैद्य होता, हे आपण अभिमानाने सांगतो. मग वैद्याच्या दारात जाण्याची लाज का वाटावी? आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या उशाशी बसा, आणि त्याला वेळेवर गोळी द्या. हे सगळे एकत्र करता येते.

दुसरी एक बाधा आहे, तिच्यावर मात्र कोणताही मांडव पडत नाही. ती जात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या मनाची जी उलथापालथ लिहिली आहे, ती आत्मिक युद्धाचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक वृत्तान्त आहे, असे आम्ही मानतो. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परत आल्या, पण आपले सोवळे-ओवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको कडक सोवळ्यातली, असा संसार चालला. आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःलाच विचारले की हा भेद देवाने केला की माणसाने? कोणी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, कोणी ओरडले नव्हते. एकटीने बसून विचार केला आणि ज्या भिंतीत जन्म गेला ती आतून पाडली. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. आज सव्वाशे वर्षांनंतर आपल्या मुला-मुलींची लग्ने ठरवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न किती ख्रिस्ती घरांत दबक्या आवाजात विचारला जातो? प्रभूभोजनाच्या एकाच प्याल्यातून पिणारे लोक सोयरिकीच्या वेळी मागे सरतात, तेव्हा हाकलायला हवा तो आत्मा तिथे हजर असतो. त्याला हाकलण्यासाठी तीन दिवसांचा उपास ठेवल्याचे कधी ऐकले नाही.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा एक साधू होऊन गेला. माणसाच्या मनावर चालून येणाऱ्या आठ विचारांची त्याने नोंद केली. त्यातला एक त्याला फार त्रासदायक वाटला, कारण तो रात्री भीती दाखवत येत नाही. तो भर दुपारी येतो. ऊन माथ्यावर असते. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, दिवस संपता संपत नाही. साधू पुन्हा पुन्हा खोलीच्या दाराकडे पाहतो, कोणी भेटायला येते आहे का. मग त्याला आपली खोली नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. इथल्या बंधूंमध्ये आता पूर्वीचे प्रेम राहिले नाही, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी देवाची सेवा जास्त चांगली होईल, असे वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, इतके ते ओळखीचे आहे. प्रार्थनेला बसलो आणि हात आपोआप मोबाईलकडे गेला. ही मंडळी थंड पडली आहे म्हणून दुसरीकडे गेलो, तिथेही सहा महिन्यांत तेच वाटले. वीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना एका सकाळी वाटते की हे सगळे कशासाठी? मोठ्या पापाचा मोह त्यांच्या वाट्याला कधी आला नाही, पण हा दुपारचा कंटाळा आला. इव्हाग्रियसने त्यावर सुचवलेला उपाय फार साधा आहे: खोली सोडू नकोस. आजच्या कामापुढे आज बस. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आणि वाइटापासून सुटका या दोन मागण्या एकत्र येतात, त्याही याचसाठी. दोन्ही रोज मागाव्या लागतात, कालची आज पुरत नाही.

रमाबाईंना हे नीट कळले होते. बाप्तिस्म्याने सगळे सुटले, असे त्यांचे झालेच नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून सडेतोड वाद घातले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, जे पटले नाही ते पटल्याचे दाखवायला त्या तयार नव्हत्या. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. आठ वर्षे! त्या काळात त्यांनी अमेरिकेत दौरे केले, पुस्तक लिहिले, 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले. बाहेरून पाहणाऱ्याला ही स्त्री विश्वासाच्या शिखरावर दिसली असती. आत त्या अजून चाचपडत होत्या आणि चाचपडतानाही वाचत होत्या, प्रार्थना करत होत्या, काम करत होत्या.

1893 मध्ये पुण्यात वादळ उठले, तेही अशा रोजच्या प्रार्थनेवरूनच. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्यायला रमाबाई तयार झाल्या नाहीत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रसंगाकडे पाहताना आपल्याला एक मोह होतो. तो म्हणजे विरोध करणाऱ्या सगळ्यांना सैतानाच्या बाजूला उभे करण्याचा. तो टाळला पाहिजे. शिक्षणाच्या मिषाने धर्मांतर होईल ही त्यांची धास्ती मनापासूनची होती, आणि रानडे-भांडारकरांसारखी माणसे द्वेषाने वागणारी नव्हती. रमाबाई दार उघडे ठेवून बसल्या. विरोधकांचे दार फोडायला गेल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. लहानपणी ज्या दुष्काळाने त्यांचे घर संपवले, त्याच शत्रूला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. केडगावचे मुक्ती सदन असे वाढले. तिथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता.

त्याच मुक्तीत 1905 च्या जूनअखेरीस मोठी जागृती झाली. मुली रात्रभर प्रार्थना करू लागल्या, पापांसाठी रडल्या, आगीसारखे काहीतरी आपल्यावर उतरल्याचे त्यांनी सांगितले. जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात त्या जूनला मानाचे पान आहे आणि आपल्याकडच्या जागृतिसभांतही ती गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण सुरुवात जानेवारीत झाली होती. रमाबाईंनी त्या महिन्यात मुलींना विचारले की रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. हळूहळू संख्या वाढली आणि जून येईपर्यंत साडेपाचशेजणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जानेवारीपासून जूनपर्यंत, म्हणजे थंडीपासून उन्हाळ्याच्या काहिलीपर्यंत, दौंडकडच्या त्या रखरखीत माळावर रोज दोन वेळा. त्या दिवसांत सांगण्यासारखे काही घडले नसेल. कितीजणींना झोप आली असेल, कितीजणींच्या मनात जात्याचा, विहिरीचा, घाण्याचा विचार आला असेल. तरी त्या दुसऱ्या दिवशी आल्या. आम्हाला जूनपेक्षा त्या महिन्यांचे मोल जास्त वाटते. आग देवाने पाठवायची होती. येऊन बसणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.

पुढची सतरा वर्षेही अशीच गेली. इब्री आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचे भाषांतर हाती घेतले. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. ज्या मनोरमेला कडेवर घेऊन त्या वाँटेजला गेल्या होत्या, जिच्यावर पुढची सगळी भिस्त होती, ती 1921 च्या जुलैमध्ये वारली. काम थांबले नाही. मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवत, छपाई करत, आणि मुद्रिते रमाबाई तपासत. ते काम हातावेगळे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

या दिवसांत आपल्यापैकी काहींना बाहेरच्या कटकटींना तोंड द्यावे लागते, हे आम्ही विसरलेलो नाही. घरगुती प्रार्थनासभेकडेही कोठेकोठे संशयाने पाहिले जाते. प्रश्न विचारणारे, कधी धमकावणारेही दारात येतात. कायद्याने दिलेला हक्क शांतपणे मागावा, पोलिसांत तक्रार करावी लागली तर करावी. पण समोरच्या माणसाला सैतान म्हणू नये, त्याच्या देवाची टवाळी करू नये आणि त्याच्या घरातल्या दुःखात सगळ्यांत आधी जावे. आपल्या अंगणात दगड टाकणाऱ्याच्या आईसाठी रक्त द्यायला जो तरुण जातो, त्याने पौलाचा सहावा अध्याय वाचला आहे, असे आम्ही म्हणू. बाकीच्यांनी तो पाठ केला आहे इतकेच.

तेव्हा वाचकहो, आजच्या सणाला एवढे करा. घरातली सगळी माणसे जमवा, इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय सावकाश वाचा, आणि उद्यापासून कोणत्या वेळी एकत्र बसायचे ते ठरवून टाका. पाच मिनिटे असली तरी चालतील. घरात कोणी आजारी असेल तर त्याची औषधे संपत आली नाहीत ना, ते पाहा. आणि ज्या भावाशी, बहिणीशी, शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, त्याला आज झोपण्यापूर्वी फोन करा.